सख्खं

दोमेन्तीचे डोळे पिवळे झाले, ते द्राक्षं उतरवायच्या दिवसांत.
मला वाटलं, उन्हाची तिरीप असेल.
मग नखं पिवळी. मग उशीचा अभ्रा.
ओझुर्गेतीच्या दवाखान्यात डॉक्टर मझियानं
त्याच्या उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली,
बंद घराच्या दाराला कान लावावा तशी थांबली,
आणि म्हणाली : थेंबभरसुद्धा नाही. आजपासून.

तीस वर्षं हा माणूस
गावच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताच्या चाळिसाव्या दिवशी
मेजाच्या टोकाशी उभा राहून शिंग उंचावत आला.
आधी देवाला, मग गेलेल्यांना, मग अजून न जन्मलेल्यांना.
तो तामादा. शब्द त्याचा, घोट सगळ्यांचे.
इतक्या जणांच्या आयुष्यासाठी प्यायला
की स्वतःचं कमी पडलं.

‘मग प्यायचं काय?’ त्यानं विचारलं.
‘चहा पी,’ ती म्हणाली, ‘बिनसाखरेचा.
यकृताला बरा, असं बरेच कागद म्हणतात.
मी मात्र सही करून देणार नाही.’

चहा!
आमच्याकडे तो तापकऱ्यानं प्यायचा.
आणि माझा तर जन्म चहात गेला :
सोळाव्या वर्षी पाठीला टोपली, विसाव्या वर्षी छातीला बिल्ला,
पानं वाघिणीत भरून उत्तरेला जायची
जिथली थंडी आम्ही कधी पाहिली नाही.
मग तो देशच मोडला. कारखान्याचे पत्रे लोकांनी नेले,
एक आमच्या खुराड्यावर आहे, खोटं कशाला बोलू.
झुडपं तेवढी राहिली, नेच्यात, काटेरी जाळ्यांत,
माणसाहून उंच वाढली, कुणाला न विचारता.

विळा घेऊन गेले. हातभर वाट काढायला सकाळ गेली.
कोवळं पान कुठं असतं, ते डोळ्यांआधी बोटांना आठवलं.
रात्रभर कोमेजू दिलं, पहाटे तळव्यात चोळलं
बाहेरून आलेल्या पोराचे गारठलेले हात चोळावेत तसं.
दोमेन्तीनं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.
‘यात कुणाची आठवण काढायची?’

लेकानं वॉर्सोहून डबी पाठवली, हिरव्या चहाचा अर्क,
म्हणे एका गोळीत वीस कप.
मझियानं झाकणसुद्धा उघडलं नाही.
‘पान चालेल. अर्क नको.
अर्कानं यकृत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.’
दोमेन्ती हसला, कितीतरी दिवसांनी.
‘म्हणजे यालाही तामादा लागतो.’

आमच्या भाषेत यकृताला घ्विद्झ्ली म्हणतात
आणि सख्ख्यालाही तेच.
घ्विद्झ्ली भाऊ, घ्विद्झ्ली लेकरू.
जन्मभर बोलले, पण ऐकलं आत्ता,
दवाखान्याच्या बाकावर, रक्ताचा कागद हातात धरून :
एकशे ब्याऐंशी होतं, एकाहत्तरवर आलं.
‘चहामुळे?’ मी विचारलं.
‘दारू सुटल्यामुळे,’ मझिया म्हणाली.
मग, मी टोपली उचलताना, हळूच :
‘चहा सोडू नका.’

मे महिन्यात वारलामच्या धाकट्याचं लग्न.
मेजाच्या टोकाची खुर्ची रिकामी ठेवली होती त्यांनी.
हा उठला. हातात काचेचा पेला, आत तांबूस, वर वाफ.
पोरं फिसकन हसली. म्हाताऱ्यांनी मान खाली घातली,
शत्रूच्या नावानंसुद्धा असलं काही उचलत नाहीत इथं.
तो बराच वेळ काहीच बोलला नाही.
मग म्हणाला, ‘जे आत बसून मुकाट्यानं आपलं सगळं गाळत राहतं
त्या सख्ख्याच्या नावानं.’
आणि चटका बसला तरी तळापर्यंत प्यायला.

परसात जमिनीत पुरलेला दारूचा रांजण अजून आहे.
रिकामा, धुतलेला, वर सपाट दगड.
दुपारभर तो दगड तापतो,
मी त्याच्यावरच पानं पसरते.
दोमेन्ती काठी टेकत येतो, वाकतो,
एक पान उलटं करतो.
अजून ओलं आहे म्हणतो.